खुर्चीला थोडी सुट्टी दे

प्रिय मित्रा,


परवा फोनवर तू म्हणालास, "लोकांना आता व्यंगचित्र कळेनासं झालंय." मी होला हो केलं नाही, म्हणून तू फोन आपटलास. तेव्हा आता लिहितो. पत्र रागाने भिरकावलं तरी नंतर उचलून वाचता येतं.

'यांची चित्रं आताशा तीच ती वाटतात,' असं एका वाचकाने कळवलं, ते तुला झोंबलंय. मी तुझी गेल्या तीन महिन्यांची कात्रणं जेवणाच्या टेबलावर मांडली. खुर्ची अकरा वेळा आली. तिला चिकटलेला पुढारी, तिचे पाय कापणारा पुढारी, तिच्याखाली लपलेला पुढारी. खड्ड्यात पडलेला माणूस सहा वेळा, आणि सहाही वेळा त्याच्या पाठीवर 'विकास' लिहिलेलं. तीन चित्रांत तर खुर्चीच्या डाव्या पायाची चीरसुद्धा तीच निघाली. टॅबवर उचलून चिकटवलेली, नाही का? चहा ठेवता ठेवता हिने त्यातलं एक कात्रण उचललं आणि विचारलं, "हे कुठल्या सरकारच्या वेळचं?" मागे मी तारीख टाकली होती, म्हणून सांगता आलं. चित्रावरून मलाही सांगता आलं नसतं.

तीच गोष्ट पुन्हा काढण्यात पाप नाही. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन 1951 पासून अर्धशतकभर तोच राहिला: चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, टकलाभोवती उरलेले केस. सुरुवातीला ते वेगवेगळ्या प्रांतांची माणसं गर्दीत काढत. रोजच्या घाईत एकेक गळत गेला आणि हा एकटा उरला. म्हणजे वेळ वाचवायची सोयच होती ती! पण तो कडेला उभा राहायचा, बोलायचा नाही, नुसता बघायचा. त्यामुळे उरलेली चौकट दररोज नव्या प्रसंगाला मोकळी मिळायची. तुझी खुर्ची मधोमध बसते आणि त्या दिवशीच्या बातमीला जागाच ठेवत नाही.

'वॉशिंग्टन पोस्ट'चा व्यंगचित्रकार हर्ब्लॉक आठव. निक्सनच्या गालावरचे काळे खुंट ही त्याची वर्षानुवर्षांची खूण. वाचक त्यावरूनच निक्सनला ओळखायचे. 1968 मध्ये निक्सन निवडून आल्यावर हर्ब्लॉकने स्वतःला न्हावी केलं आणि दुकानात पाटी लावली: प्रत्येक नव्या राष्ट्राध्यक्षाची एक दाढी फुकट. स्वतःचं सगळ्यात चालणारं नाणं त्याने स्वतःच बाजूला काढलं, आणि त्यातूनही चित्र मिळवलं. तो काही निक्सनचा भक्त झाला नव्हता. पुढे वॉटरगेटमध्ये त्याने कसलीही गय केली नाही.

घाईचं म्हणशील तर त्यात आम्हा संपादकांचाही वाटा आहे. रात्री नऊ वाजता, पान लागायच्या बेतात असताना, 'अरे, मागच्या आठवड्यासारखंच एक दे, मस्त चाललं होतं,' हे मीच तुला कितीदा सांगितलंय. चाललेलं पुन्हा मागण्याची ती खोड आमची. तू तिला तुझी शैली समजू लागलास, इतकंच.

एक कर. चित्र पुरं झालं की त्यातली सगळी लिहिलेली लेबलं पुसून बघ. मग 'भ्रष्टाचार', 'महागाई', 'जनता' यांतलं काय ओळखू येतं? काहीच येत नसेल तर ते छापायला सोडू नकोस. जागा रिकामी गेली तरी चालेल. संपादकाशी भांडण झालं तर माझं नाव सांग.

लक्ष्मण यांना कावळ्यांचं वेड होतं, हे तुला ठाऊक आहेच. आयुष्यभर कावळे काढले त्यांनी. सगळे काळेच, तरी दर कावळ्याची मान वेगळी वळलेली, कारण ते प्रत्येक वेळी कावळ्याकडे बघत होते. तू शेवटचा नगरसेवक समोर बसून कधी रेखाटलास? मला आठवतंय, पूर्वी तुझ्या खिशात कायम छोटी वही असायची. एका आमदाराचं नुसतं घड्याळ चाचपणं तू चार रेघांत पकडलं होतंस, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः फोन करून मूळ चित्र मागितलं होतं.

पुढच्या महिन्यात पालिकेची सर्वसाधारण सभा होईल. टॅब घरी ठेव. पेन्सिल आणि वही घेऊन प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बस, आणि जे काढशील ते आधी मला दाखव.

तुझा,
जुना संपादक