हात मागे घेण्याचा धर्म

वडोदऱ्याच्या कोर्टकामासाठी मियागाम-करजण स्थानकावर गाडीची वाट पाहत उभे राहण्याचा प्रसंग मला वरचेवर येतो. या स्थानकाला एक इतिहास आहे. येथून डभोईपर्यंतचा अरुंद लोहमार्ग बडोदे संस्थानाने इ. स. १८६२ मध्ये सुरू केला, तेव्हा त्यावरील डबे बैल ओढीत असत. इंजिने नियमाने धावू लागली ती पुढे दहाएक वर्षांनी. बैल हाकणाऱ्याचा हात सतत कासऱ्यावर असे. स्टेशन-मास्तर चाकाला हातही लावीत नाही. तरी गाडी सुटते ती त्याच्या अनुमतीने, आणि घोटाळा झाला तर जाबही त्यालाच द्यावा लागतो. स्वतः करणे आणि दुसऱ्याकडून करविणे यांतले हे अंतर केवळ व्यवहाराचे आहे की नीतीचेही आहे, हा प्रश्न गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्याने नकळत माझ्यापुढे टाकला.

हा मुलगा पुण्यास असतो. मोबाइलवरून बँकेत पैसे भरताना कोणते बटण कोठे असावे, म्हाताऱ्या माणसास अक्षर वाचता येईल काय, चूक झाल्यास मागे फिरता येईल काय, हे ठरविण्याची जी नवी विद्या आहे, तिला ते लोक 'युजर एक्सपिरियन्स डिझाइन' म्हणतात. बारा वर्षे त्याने हे काम स्वहस्ते केले. आता तो आठ जणांचा प्रमुख झाला आहे. अभिनंदन केले तर म्हणतो, "काका, बढती मिळाली, पण काम हातचं गेलं. दिवसभर मीटिंगा. मग मुलांनी केलेले स्क्रीन रात्री मी पुन्हा करतो. तसेच पुढे पाठवायला मन धजत नाही."

"आणि त्यांना हे केव्हा कळतं?" मी विचारले.

"सकाळी," तो म्हणाला आणि गप्प झाला.

त्याला उपदेश करण्याचा अधिकार मला नव्हता, कारण हाच अपराध माझ्या हातून घडून चुकला होता. काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या वहिवाटीच्या रस्त्याचा दावा माझ्याकडे आला. माझा सहायक वकील उन्हातान्हात शेतावर जाऊन आला आणि त्याने दाव्याचा मसुदा लिहिला. भाषा ओबडधोबड होती. रस्ता कोठे वळतो हे सांगताना त्याने एक कडुनिंब आणि एक बुजलेली विहीर यांचे लांबलचक वर्णन केले होते. मी रात्री बसून मसुदा नव्याने लिहिला. भाषा सफाईदार झाली. निंब आणि विहीर फापटपसारा म्हणून गळली. पुढे प्रतिवादीने असा रस्ताच नाही असे म्हटले, आणि कोर्ट कमिशनर जागेवर गेला तेव्हा दाव्यातील वर्णनावरून त्यास वळण सापडेना. स्थावर मिळकतीचे वर्णन ती ओळखता येईल असे असावे, हा दिवाणी प्रक्रिया संहितेतील सातव्या आदेशाचा तिसरा नियम मी विद्यार्थिदशेत पाठ केला होता! दावा दुरुस्त करून घेण्यात महिने गेले आणि पक्षकाराच्या कपाशीचा एक हंगाम बुडाला. सहायकास विचारले, "तू तेव्हाच का बोलला नाहीस?" तो म्हणाला, "साहेब, आपण काढलंत म्हणजे विचार करूनच काढलं असेल."

या उत्तराने मला जितके लाजविले तितके कोणत्याही न्यायाधीशाने लाजविलेले नाही. मी त्याचे वाक्य सुधारले नव्हते, त्याचे पाहणे रद्द केले होते. शेतावर तो गेला होता, मी नव्हे. माझ्यापाशी होते ते केवळ कौशल्य आणि त्या कौशल्याचा अहंकार.

दुसऱ्याकडून जे करविले ते आपणच केले, असे कायद्याचे जुने तत्त्व आहे. आपण ते बहुधा दायित्वाचे तत्त्व म्हणून वाचतो. परंतु त्यात एक आश्वासनही आहे. करविणे हेही करणेच आहे. हात रिकामा झाला म्हणून कर्तृत्व संपत नाही. गोव्याकडील आपल्या देवस्थानांत महाजन स्वतः पूजा करीत नाहीत, पूजेची व्यवस्था पाहतात. नंदादीपाची वात ज्याने लावली तो निराळा असेल. तेल संपले तर विचारणा महाजनांकडेच व्हावयाची.

या बाबतीत बडोद्याचेच एक उदाहरण मननीय आहे. चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे हे १९१० साली इंदूरला जन्मलेले. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० साली ललितकला विभाग निघाला तेव्हा ते चित्रकला शाखेचे प्रमुख झाले आणि १९५९ साली त्या विभागाचे अधिष्ठाता. ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाममोहम्मद शेख हे त्यांच्या हाताखाली शिकले; परंतु या तिघांची चित्रे शेजारी ठेवली तर ती एकाच गुरूची प्रतिकृती वाटत नाहीत. १९५६ साली स्थापन झालेल्या बडोदा ग्रुपच्या प्रदर्शनांत शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांची चित्रे एकत्र लागत. विद्यार्थ्याच्या फलकावर स्वतःचा कुंचला फिरविणे सोपे होते. त्याच्या शेजारी स्वतःचा फलक टांगणे अवघड. आणि १९६६ साली बेंद्रे यांनी ते पद सोडले, ते मुंबईस जाऊन १९९२ साली निधन होईपर्यंत चित्रे काढीत राहिले. अधिकारपदावरून स्वतःच्या कामाकडे परत जाणे ही पदावनती नव्हे, हेही त्यांच्या आयुष्यावरून कळते.

कोणी म्हणेल, मग वाईट काम तसेच जाऊ द्यावयाचे काय? मुळीच नाही. बँकेच्या स्क्रीनवरील चुकीने एखाद्या वृद्धेचे पैसे भलतीकडे गेले, तर "मुलांना स्वातंत्र्य दिले होते" हा बचाव टिकणार नाही. अडविण्याचा अधिकार प्रमुखाने कधीही सोडू नये. परंतु अडविणे आणि गुपचूप बदलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अडविताना कारण सांगावे लागते, आणि कारण सांगताना समोरच्याचे ऐकावे लागते. तेथेच तो निंब आणि ती विहीर वाचते. वेळ मात्र जास्त लागतो, हे कबूल केले पाहिजे. आणि पक्षकार दारात उभा असता तो वेळ काढणे मला अद्याप नेहमी साधत नाही.

गाडीत बसण्यापूर्वी पुतण्याने विचारले, "म्हणजे रात्री जागणं बंद करू?"

मी म्हटले, "जागायचं तर जाग. पण दुरुस्ती सकाळी कर, ज्याचं काम त्याच्या शेजारी बसून. आणि आधी त्याला विचार, तू तिथे जाऊन काय पाहिलंस?"