कबुली आणि अंतर

रहस्यकथेत भावनाशून्य दिसणाऱ्या पात्रावर वाचकाचा संशय आधी जातो. जो शोक करीत नाही तो काहीतरी लपवीत असला पाहिजे, हे गृहीतक त्यामागे असते. 'द आउटसायडर' या नावाने परिचित असलेल्या काम्यूच्या १९४२ च्या कादंबरीत म्यूर्सोवर खटला खुनाचा चालतो. परंतु आईच्या अंत्यविधीत तो रडला नाही, हेच त्याच्याविरुद्ध मोठे प्रमाण ठरते.

सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) या कादंबरीत खून नाही, गुप्तहेरही नाही. तरी तिची घडण मला रहस्यकथेची वाटते. पुण्यातील एका मध्यमवर्गीय घरी एक तरुण भाडेकरू येतो. घरातला तनय आणि त्याची बहीण अनुजा, दोघेही त्याच्यात गुंततात. तो अनुजाला घेऊन निघून जातो, पुढे तिलाही सोडतो. त्याचे नाव वाचकाला कळत नाही. तनयचे निवेदन त्या गेलेल्या माणसाला 'तू' असे संबोधून चालते, अनुजाचे निराळे. जबान्या दोन आहेत, त्या पडताळणारा कोणी नाही. रूढ रहस्यकथेत सर्वांना दिवाणखान्यात बसवून उलगडा करणाऱ्याची जागा येथे वाचकाला घ्यावी लागते, आणि ती सुखाची नाही. भावाबहिणीतले न बोललेले आपण चोरून ऐकत असतो.

भाडेकरूच्या अलिप्तपणापेक्षा घरातले अंतर मला अधिक अस्वस्थ करते. अनुजा परतते तेव्हा तिच्या दुःखाला निदान नाव असते, मग ते बेअब्रूचे का असेना. तनय मात्र त्या प्रसंगात 'तिचा भाऊ' एवढ्याच नात्याने उभा राहू शकतो. बाहेरून तो थंड वाटेल. पण या थंडपणाला स्वभाव म्हणावे काय? कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ लागू होते. प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. रहस्यकथेत कबुलीने कोडे सुटते. येथे शोकाचा साधा उच्चारसुद्धा कबुली ठरला असता.

आपल्याकडे न विचारणे हा सभ्यतेचा भाग मानतात. (शेजाऱ्यांची खडान्‌खडा माहिती काढणारी माणसेही स्वतःच्या घरात हा संयम पाळतात.) तो संयम तनयला वाचवतो आणि एकटाही पाडतो. आईवडिलांवर ठपका ठेवणे सोपे आहे. त्यांना ठाऊक नव्हते हेही खरेच. तरी ठाऊक करून न घेण्यात त्यांची काहीच निवड नव्हती, असे मला म्हणवत नाही. भाडेकरू का गेला, हे शोधण्यात माझे पहिले वाचन खर्ची पडले. दुसऱ्या वाचनात तो प्रश्न मागे राहिला आणि घरात उरलेल्या माणसांच्या वागण्याकडेच लक्ष जाऊ लागले.