पौरुष आणि कोवळेपणा

मुलगा पडला, गुडघा फुटला, रडू लागला, की घरातले मोठे माणूस म्हणते, "अरे, बायकांसारखा काय रडतोस?" एवढ्या एका वाक्यात आपण त्याला पौरुषाची सगळी व्याख्या शिकवून टाकतो. ती व्याख्या खरी काय, हा आजचा विचार. निमित्त चित्रांचे आहे.

भूपेन खख्खर हे चित्रकार १९३४ साली मुंबईत जन्मले. शिक्षणाने हिशेबनीस. १९६२ साली बडोद्यास गेले आणि हिशेबाची कामे सांभाळून रंगवीत राहिले. २००३ साली वारले. २०१६ साली लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. आम्ही काही लंडनास गेलो नाही. छापील चित्रे पाहिली, त्यांवरून बोलतो.

यांचे पुरुष कोण? घड्याळजी, शिंपी, न्हावी. धनुष्य नाही, तलवार नाही. दुकानात बसलेला साधा माणूस. नामदेवराय आणि सेना महाराज ज्यांच्या मुखी नित्य, त्या आपल्या वाचकांना यात नवल वाटू नये.

प्रदर्शनाला नाव दिले होते त्यांच्या १९८१ च्या एका चित्राचे. अर्थ असा की, सगळ्यांची मर्जी राखता येत नाही. बाप, मुलगा आणि गाढव ही गोष्ट आपण ऐकलेली आहेच. बाप बसला तरी लोक हसतात, मुलगा बसला तरी हसतात. चित्रात ती गोष्ट खाली गावात चाललेली, आणि सज्जात एक नग्न पुरुष पाठमोरा उभा राहून ती बघतो आहे. आईच्या निधनानंतर काढलेले हे चित्र. आपले प्रेम पुरुषावर आहे, हे खख्खरांनी इथून उघड केले असे जाणकार मानतात. पुढच्याच वर्षी काशीचे चित्र. त्यात दोन पुरुष मिठीत उभे. तेव्हा असा संबंध आपल्याकडे कायद्याने गुन्हा होता. प्रौढांच्या संमतीने असेल तर तो गुन्हा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले ते २०१८ साली, हा माणूस गेल्यावर पंधरा वर्षांनी.

नग्नतेचा आम्हांस संकोच वाटतो, तसा वाटला. पण तेवढ्यावर पान उलटावे असे झाले नाही. कोणी म्हणेल, महाराज, हा तर काम, याला प्रेम कसे म्हणता? बरे. मग हाच प्रश्न आपण नवराबायकोला का विचारीत नाही? कामाची झडती एकाच घरी का? दुसऱ्याचे दुखणे आपल्या आधी दिसते की नाही, एवढे पाहावे. ते दोन्ही घरी पाहावे.

वत्स म्हणजे वासरू, त्यावरून वात्सल्य. शब्द गाईपासून निघाला म्हणून तो बायकांनाच वाहिलेला नाही. 'उत्तररामचरिता'त भवभूतीचा राम सीतेसाठी रडतो, मूर्च्छित पडतो. रावणाला मारणारा हाच. आमच्या पाठशाळेत ते नाटक शिकवताना कुणा गुरुजींनी रामाला नामर्द म्हटले नाही. आणि अहो, आपण तर कटेवर हात ठेवलेल्या पुरुषदेवाला माउली म्हणणारी माणसे! वारीत झुपकेदार मिशांच्या गड्यालाही "माउली, जरा सरका" म्हणतो, आणि तो रागावत नाही, सरकतो. ही हाक घरी आल्यावर कुठे जाते?

कारण असा कोवळा मुलगा कुणा श्रोत्याच्या घरी नसेल, असे आम्ही म्हणू शकत नाही. लोक हसतील म्हणून बाप त्याला दार लावतो, हे घडते. गोष्टीतल्या बापाने लोकांचे ऐकून गाढव नदीत घालवले. पण मुलाला बरोबर घेऊनच तो घरी परतला.