पान नऊ

बसा. तुमचा प्रकल्प मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचताना पान आठपर्यंत मी खूश होते. तक्ते नीट आखलेत, आकडे कुठल्या वर्षाचे ते लिहिलंय, शुद्धलेखनही बरं आहे. मग पान नऊ आलं आणि मी वही मिटली. त्याच रात्री गुण दिले असते तर तुम्ही पाचहीजण नापास झाला असता. म्हणून दोन दिवस थांबले.

'मोखाडा-जव्हारच्या लोकांमध्ये शिक्षण व आरोग्याबाबत उदासीनता असल्यामुळे हा भाग राहणीमानात मागे राहिला आहे.' हे वाक्य कुणी लिहिलं ते मी विचारणार नाही. खाली पाचांच्याही सह्या आहेत. मी एवढंच विचारते, की ही उदासीनता तुम्हाला दिसली कुठे? कोणत्या पाड्यावर? किती माणसांशी बोललात? ठाण्याहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला मोखाड्यात पोचता येतं. सबंध सत्रात तुमच्यापैकी एकाला तेवढा वेळ झाला नाही, आणि तिथल्या हजारो माणसांच्या स्वभावाचा निकाल मात्र तुम्ही दीड ओळीत लावलात.

एनएसएसच्या शिबिरासाठी मी त्या भागात पहिल्यांदा गेले तेव्हा तुमच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठी होते. डिसेंबर होता. निम्म्या घरांना कुलूपसुद्धा नव्हतं, दाराला नुसती दोरी बांधलेली होती. माणसं कुठे गेली म्हणून विचारलं तर एका म्हातारीने सांगितलं, जगायला गेली. हा शब्द लिहून घ्या. तिकडे कामाला जाणं म्हणत नाहीत, जगायला जाणं म्हणतात. भात निघालं, दिवाळी झाली, की घरात पुढच्या पावसापर्यंत पुरेल एवढं धान्य नसतं. मग वीटभट्टीवाल्याकडून बयाणा घ्यायचा आणि भिवंडी, कल्याण, वसईकडे उतरायचं. घरात सांभाळायला कुणी नसेल तर पोरंही बरोबर निघतात आणि त्यांची शाळा दिवाळीलाच सुटते. तुमच्या तक्त्यात 'शाळागळती' असा रकाना आहे. त्यातला आकडा त्या दोरी बांधलेल्या दारांमधून आलाय. त्याला उदासीनता म्हणता? त्या भट्ट्यांवरच्या विटा कुणाच्या इमारतींना लागतात, याचा रकाना का नाही आखला?

आता तुमच्या क्रमवारीकडे येते, कारण पान नऊ तिथूनच जन्माला आलंय.

तुम्ही मोठ्या अभिमानाने लिहिलंय, की राज्याच्या 2002 च्या मानव विकास अहवालात ठाणे जिल्हा मुंबईच्या पाठोपाठ होता आणि 2012 च्या अहवालातही मुंबई, पुणे आणि मग 0.800 निर्देशांक घेऊन ठाणे. बरोबर आहे. पण त्या दोन्ही अहवालांच्या वेळी ठाणे जिल्हा म्हणजे काय होतं? पंधरा तालुके. त्यात मोखाडा होता, जव्हार होता, विक्रमगड, तलासरी, डहाणू सगळे होते. पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 रोजी. म्हणजे ज्यांना तुम्ही पान नऊवर उदासीन म्हटलंत, तीच माणसं पान चारवरच्या तुमच्या पुढारलेल्या ठाण्यात मोजलेली आहेत. ही गोष्ट पाचांपैकी एकाच्याही लक्षात येऊ नये?

1992-93 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने आणि आजारांनी शंभराहून अधिक मुलं गेली. राज्यातल्या सर्वात श्रीमंत पट्ट्यातल्या जिल्ह्यात गेली. सरासरीने त्यांना झाकलं. कसं झाकलं, ते गणित आता माझ्यासमोर करा. 2011 च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, 1 कोटी 10 लाखांवर. त्यात मोखाडा तालुका सुमारे 83 हजारांचा. भागाकार करा. पाऊण टक्का. म्हणजे उद्या मोखाड्यातला एकूण एक माणूस निरक्षर झाला असता, तरी जिल्ह्याच्या साक्षरतेचा आकडा एका टक्क्यानेही घसरला नसता. ज्या मोजपट्टीवर एक अख्खा तालुका बुडाला तरी काटा हलत नाही, तिच्यावर तुम्ही पहिला-दुसरा-तिसरा ठरवता आणि कारणं माणसांच्या स्वभावात शोधता.

जिल्हा तुटला त्या दिवशी उरलेल्या ठाण्याची सरासरी वर गेली. एकाही मुलाच्या पोटात घास जास्त गेला नव्हता, फक्त हद्द सरकली होती. आणि नव्या पालघरमध्ये तरी मोखाडा नीट दिसतो का? तिथे त्याच जनगणनेतल्या सुमारे 30 लाखांत 12 लाखांवर माणसं एकट्या वसई-विरार शहरातली आहेत. पुन्हा तेच. म्हणून तुमची मार्गदर्शक म्हणून मी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, की एकक तालुका घ्या. तुम्ही जिल्हा घेतलात, कारण जिल्ह्याचे आकडे आयते मिळतात. वि. म. दांडेकरांच्या समितीने 1984 साली राज्याच्या असमतोलाचा हिशेब मांडला तेव्हा विभाग सोडून जिल्हा हे एकक घेतलं, कारण विभागाच्या सरासरीत जिल्हे बुडत होते. त्यातून सुमारे 3,186 कोटींचा अनुशेष बाहेर आला. चाळीस वर्षांनंतर तुम्ही एक पायरी खाली उतरायला हवं होतं. तुम्ही तिथेच बसून राहिलात.

आता पद्धत. तीन घटकांचे गुण मिळवले, तीनने भागलं, झाला निर्देशांक. हे तुम्ही कुठल्या वर्षात करताय? संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालाने ही साधी सरासरी 2010 सालीच सोडली. का सोडली, ते पाठ करू नका, समजून घ्या. एका जिल्ह्याला आरोग्यात 0.9, उत्पन्नात 0.9 आणि शिक्षणात 0.3 मिळाले. दुसऱ्याला तिन्हीत 0.7. साध्या सरासरीने दोघेही 0.7, म्हणजे सारखेच. पहिल्यातल्या शाळा ओस पडल्या आहेत हे पैशाने भरून निघालं, असा त्याचा अर्थ होतो. गुणाकार करून घनमूळ काढलं की पहिला 0.62 वर येतो. माणसाला शाळेच्या बदल्यात दवाखाना देऊन चालत नाही, एवढं साधं शहाणपण त्या सूत्रात आहे.

हा मानव विकास निर्देशांक 1990 साली अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी उभा केला. अमर्त्य सेन त्यांचे मित्र, पण माणसाचं जगणं एका आकड्यात कोंबणं सेन यांना सुरुवातीला पटत नव्हतं. हक यांचं म्हणणं असं, की सगळं जग दरडोई उत्पन्नाच्या एका आकड्याकडे पाहतंय, तर त्याच्यासमोर तितकाच ठसठशीत दुसरा आकडा हवा. सेन यांनी ते मान्य केलं आणि मदत केली. जे हत्यार उत्पन्नाची मिजास मोडायला घडवलं, तेच तुम्ही मिजास मिरवायला वापरलंत.

आणि ते शहरांचं पान. 2018 च्या केंद्राच्या शहरी राहणीमानाच्या क्रमवारीत पुणे पहिलं, ठाणे सहावं, म्हणून चौकटीत छापलंय. त्याच यादीत बंगळूर 58 वं होतं. पुढच्या फेरीचा निकाल मार्च 2021 मध्ये लागला, तेव्हा बंगळूर पहिलं. इतक्या थोड्या काळात ते शहर नवं बांधलं गेलं का? निकष 78 वरून 49 वर आले आणि नागरिकांच्या मताला 30 टक्के वजन मिळालं. मोजायची रीत बदलली. चौकटीखाली ही एक ओळ लिहिणं तुमचं कर्तव्य होतं.

पाणीपुरवठ्यात तुम्ही मुंबईला भरघोस गुण दिलेत. ते पाणी कुठून येतं? तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत, मध्य वैतरणा शहापूर-मोखाड्याच्या हद्दीवर. मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसेचा, आणि आपलं ठाणेही बरीचशी तहान तिच्यावरच भागवतं. त्याच शहापुरात उन्हाळ्यात गावोगाव टँकर फिरतात. बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसतात आणि धरणाचं पाणी त्यांच्या डोळ्यांसमोरून जलवाहिनीने पुढे जातं. तुमच्या तक्त्यात पाणी पिणाऱ्याला गुण आहेत आणि ज्यांची जमीन धरणाखाली गेली त्यांच्यासाठी रकानाच नाही. हे तुम्हाला दिसायला हवं होतं, कारण तुम्ही रोज तेच पाणी पिता.

मला राग आला तो तुम्ही चुकलात म्हणून नाही. गणितं चुकतात, सुधारता येतात. पण हेच कागद पुढे कुणाच्या तरी टेबलावर जातात. तुमच्यातले दोघं स्पर्धा परीक्षेला बसणार आहेत, उद्या एखाद्या तालुक्याच्या फायलीवर तुमची सही असेल. 'लाभार्थी उदासीन' असा शेरा मारला की अंगणवाडीची मागणी परत जाते आणि पुढच्या पावसाळ्यात एखादं मूल तराजूवर कमी भरतं. तो शेरा लिहिणारा हात आज मी इथेच धरतेय.

प्रकल्प परत घ्या. एकक तालुका, पंधराच्या पंधरा, 2014 च्या आधीचा अखंड जिल्हा धरून. क्रमांक काढायचे नाहीत, प्रत्येक घटक वेगळा दाखवायचा. स्थलांतराचा एक रकाना आणि पाण्याचे दोन: किती मिळतं, आणि किती बाहेर जातं. शनिवारी पहाटेच्या कसारा लोकलने निघायचं, तिथून खोडाळ्यामार्गे मोखाडा. मी बरोबर येणार आहे. जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली घरून आणायची, तिथल्या कुणाच्या हंड्यातलं पाणी मागायचं नाही. प्रश्नावली मला गुरुवारी दाखवा. आणि पान नऊ कोरं ठेवा, ते परत आल्यावर लिहू.