सत्यप्रत आणि नक्कल

एकाने घालून दिलेल्या नमुन्याबरहुकूम दुसऱ्याने वस्तू घडविली, तर त्या घडविण्याचे मोल काय समजावे? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर देताना आपण एकाच कृतीस दोन नावे देत असतो, हे सहसा ध्यानात येत नाही. नमुना वाडवडिलांकडून आलेला असेल, तर त्यास आपण परंपरा म्हणतो आणि मान लववितो. नमुना परक्याचा असेल, तर त्यास नक्कल म्हणतो आणि नाक मुरडतो. हात मात्र दोन्ही ठिकाणी तेच काम करीत असतात. मग हा भेद वस्तूत आहे, की केवळ आमच्या दृष्टीत?

या विचारास आम्हांस प्रवृत्त केले ते एका आडवळणाच्या वस्तूने. चेन्नईत माउंट रोडलगत, म्हणजे आताच्या अण्णा सालैलगत, रिची स्ट्रीट ही विजेच्या सुट्या सामानाची प्रसिद्ध पेठ आहे. आमच्या परिचयाचा एक तरुण कारागीर तेथून तारा, कंडेन्सर, रेझिस्टर असे सामान निवडून आणतो, व्हॉल्व्ह परदेशाहून मागवितो, आणि राहत्या घराच्या एका खोलीत विद्युत् गिटारचे ॲम्प्लिफायर हाताने जोडतो. प्रत्येक यंत्र एका विशिष्ट वादकासाठी, त्याचे वाजविणे ऐकून केलेले असते. नमुने मात्र इंग्लंडचे, १९६० च्या आगेमागेचे: मार्शल आणि व्हॉक्स या नावांनी विख्यात झालेले. आमच्या एका सहकाऱ्याने हे ऐकून म्हटले, "इंग्रज गेले, पण त्यांचे डबे आपण अजून बनवतोच आहोत!" या उद्गारात उपहास होता, तसा एक गंभीर आक्षेपही होता. त्याचे उत्तर हसून टाळणे आम्हांस उचित वाटत नाही.

प्रथम वस्तू कोणती ते पाहिले पाहिजे. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्यातील एक भाग तापून लाल होतो, त्यातून विद्युत्कण निघतात, आणि मधल्या जाळीवर दिलेला क्षीण संदेश त्यांच्या मोठ्या प्रवाहास आवरतो वा मोकळा सोडतो. इवल्याशा कंपनाचा मोठा आवाज होतो तो असा. एके काळी घरोघरच्या रेडिओंत हेच व्हॉल्व्ह असत. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही ते बनविले. पुढे ट्रान्झिस्टर आला. तो लहान, स्वस्त आणि टिकाऊ. त्याने व्हॉल्व्हला बहुतेक क्षेत्रांतून हुसकून लावले. आज असे व्हॉल्व्ह मुख्यत्वे रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथील मोजक्या कारखान्यांत होतात, आणि त्यांचे एक मोठे गिऱ्हाईक गिटारवादक हेच आहेत.

याचे कारण मोठे विलक्षण आहे. व्हॉल्व्हवर त्याच्या ताकदीपेक्षा अधिक भार घातला, की ध्वनिलहरीचे माथे हळूहळू दबू लागतात. मूळ सुरात नसलेले उपस्वर त्यात मिसळतात आणि आवाजास एक प्रकारचा दाटपणा येतो. अभियंत्याच्या लेखी हा दोष होय. वादकाच्या कानाला तोच गुण वाटला. १९६६ साली जॉन मेयॉल यांच्या ब्लूजब्रेकर्स या वृंदाबरोबर ध्वनिमुद्रण करताना एरिक क्लॅप्टन यांनी आपला मार्शल ॲम्प्लिफायर अतिशय मोठ्या आवाजात ठेवून वाजविला, आणि त्या ध्वनीने पुढील पिढ्यांच्या कानांस वळण लावले.

आता त्या मार्शलची कुळकथा पाहू. जिम मार्शल हे मूळचे ढोलवादक आणि ढोल शिकविणारे. १९६० साली त्यांनी पश्चिम लंडनमधील हॅनवेल येथे वाद्यांचे दुकान काढले. अमेरिकन फेंडर कंपनीचे ॲम्प्लिफायर वादकांस हवे असत. पण ते दूरचे आणि महाग. तेव्हा दुकानात दुरुस्तीचे काम पाहणारे केन ब्रॅन आणि त्यांचे तरुण सहकारी डडली क्रेव्हन यांनी फेंडरच्या बासमन या यंत्राची जोडणी जवळजवळ जशीच्या तशी उचलून १९६२ च्या सुमारास आपले यंत्र उभे केले. त्याचेच नाव जेटीएम ४५. गंमत अशी, की बासमन हे यंत्र मुळात खर्जाच्या गिटारसाठी केलेले होते, आणि फेंडरच्या जोडण्यादेखील व्हॉल्व्ह बनविणाऱ्या कंपन्यांनी आपल्या पुस्तिकांत छापलेल्या नमुन्यांशी मिळत्याजुळत्या होत्या. एवंच, ज्यास आज आपण अस्सल इंग्रजी नमुना म्हणतो, तोच एका नमुन्याची प्रत होता. अस्सलाचा शोध घेत मागे मागे जावे, तर अखेरीस हाती एखादी छापील पुस्तिका लागते.

मग मार्शल चोर ठरतात काय? तसे म्हणण्यापूर्वी त्यांच्या प्रतीत काय झाले ते पाहावे लागेल. इंग्लंडमध्ये जे सामान हाताशी होते त्यावर त्यांनी भागविले. ट्रान्सफॉर्मर तिकडचे नव्हते. व्हॉल्व्हांतही पालट झाला. दहा इंची चार कर्ण्यांच्या उघड्या पाठीच्या पेटीऐवजी बारा इंची चार कर्ण्यांची बंद पेटी आली. आराखडा तोच राहिला. आवाज निराळा झाला. अनुकरण करणाऱ्याने प्रत्येक ठिकाणी "हे येथे मिळत नाही, मग याजागी काय?" असा प्रश्न स्वतःस विचारला आणि त्याचे उत्तर स्वतःच्या कानाने दिले. अनुकरणातून निर्मिती होते ती याच फटीतून, असे आम्हांस वाटते.

तथापि आक्षेप एवढ्याने संपत नाही. ज्याने मूळ जोडणी कष्टाने सिद्ध केली, त्याच्या श्रमाचे काय? कायद्याने या प्रश्नाचे एक उत्तर दिले आहे. शोधावरचा हक्क मुदतीचा असतो. आपल्या देशात पेटंटची मुदत २० वर्षांची आहे. तीनंतर शोध सर्वांचा होतो. नाव आणि चिन्ह मात्र मालकाचेच राहते. म्हणजे कल्पना समाजास परत करावयाची, पण नाव कोणी चोरावयाचे नाही. कायद्याचा हा विवेक नीतीच्या दृष्टीनेही अर्थपूर्ण आहे. आपल्या पेटीवर दुसऱ्याची पाटी लावणारा लबाड होय. "हे मी अमुक नमुन्यावरून केले, आणि हे माझे आहे" असे म्हणणारा लबाड नव्हे. दोघांच्या पेटीतील तारा अगदी सारख्या असल्या, तरीही.

आपल्या मिरजेकडे पाहावे. तेथील सतार-तंबोरे आज देशभर नावाजलेले आहेत. २०२४ साली त्यांस भौगोलिक मानांकनही मिळाले. पण ही घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारे घासून पाजळणाऱ्यांची. बाहेरून आलेली वाद्ये दुरुस्त करता करता ती नवी बनवू लागली, असे तेथे परंपरेने सांगितले जाते. हॅनवेलच्या दुकानातील कथेहून ही कथा फारशी वेगळी नाही. आणखी एक साम्य आहे. तंबोऱ्याची जवारी म्हणजे तरी काय? घोडीचा माथा अशा बेताने घासावयाचा आणि तारेखाली दोरा असा सरकवावयाचा, की तार घोडीस निसटता स्पर्श करीत राहील आणि सुरातून उपस्वरांची गुंजारव करणारी झाक उठेल. केवळ मोजमापाने पाहणाऱ्यास तो तारेचा खरखराट वाटेल. गवयास तोच जिवंत सूर वाटतो. जवारी लावण्याचे माप कागदावर उतरविता येत नाही. ती कानानेच लावावी लागते. नमुना गुरूकडून मिळतो, जवारी ज्याची त्यासच काढावी लागते.

मद्रासलाही हे नवे नाही. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे बंधू बालुस्वामी दीक्षितर यांनी याच परिसरात एका युरोपीय वादकाकडून व्हायोलिन शिकून घेतले. लाकूड तेच, गज तोच. पण वादक जमिनीवर मांडी घालून बसला, वाद्याचे टोक पायावर टेकले, तारा षड्ज-पंचमात लागल्या, आणि आज व्हायोलिनावाचून कर्नाटक संगीताची मैफल सहसा होत नाही. अगदी आपल्या काळात यू. श्रीनिवास यांनी विजेवर चालणारे मॅन्डोलिन त्याच संगीतात आणले आणि २०१४ साली चेन्नईत त्यांचे निधन होईपर्यंत ते गाजविले. परके वाद्य कधी आपले झाले, याची तारीख कोणासच सांगता येणार नाही.

येथे उलट बाजूचाही विचार केला पाहिजे. हल्ली 'हाताने केलेले' हे शब्द स्वतःच एक पाटी होऊन बसले आहेत. जुन्याची पूजा इतकी वाढली आहे, की नव्या पेटीस मुद्दाम ओरखडे पाडून ती जुनी भासविली जाते. हाताने केले म्हणून काही वस्तू पवित्र होत नाही. व्हॉल्व्हच्या यंत्रात ३०० ते ५०० व्होल्टचा दाब असू शकतो. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरांत तो साठून राहतो. अर्थिंग नीट न केलेले हस्तनिर्मित यंत्र वादकाचा जीव घेईल. उलट कारखान्यातून निघालेले स्वस्त यंत्र कित्येक गरीब मुलांच्या हाती गिटार टिकवून ठेवते. त्यास आम्ही हीन म्हणणार नाही. मग हाताचे वैशिष्ट्य कोणते? आमच्या मते एवढेच, की हातामागे एक माणूस असतो आणि त्यास विचारता येते. यंत्र बिघडले, आवाज मनाजोगा लागला नाही, तर "हा सांधा तुम्ही असा का केलात?" हा प्रश्न ज्यास विचारता येतो आणि ज्यास त्याचे उत्तर द्यावे लागते, असा कोणी तरी असतो. हस्तकौशल्याचे मोल सौंदर्याहून अधिक या उत्तरदायित्वात आहे.

आम्ही कारकून माणसे. आमचे सारे आयुष्य प्रती काढण्यात, तपासण्यात आणि पुढे पाठविण्यात जाते. सरकारी कामात मूळ कागद आणि त्याची प्रत यांत भेद आहे. पण खरा महत्त्वाचा भेद प्रत आणि सत्यप्रत यांतला. दोन्ही कागदांवर अक्षरे तीच असतात. एका कागदावर कोणाची तरी सही असते, आणि त्या सहीचा अर्थ एवढाच, की 'यात खोटे निघाले तर मला धरा'. अलीकडे पुष्कळ कामांस स्वतःची सहीच पुरते. दुसऱ्या अधिकाऱ्याची लागत नाही. हे पाऊल आम्हांस सोयीपेक्षाही नैतिक दृष्ट्या अधिक महत्त्वाचे वाटते. त्या तरुण कारागिराच्या पेटीच्या आत, जेथे गिऱ्हाईकाची नजर सहसा जात नाही तेथे, त्याने आपले नाव, तारीख आणि मूळ नमुन्याचे नाव लिहिलेले असते. ती इंग्रजी यंत्राची सत्यप्रत आहे, नक्कल नव्हे.

हा विचार आम्हां प्रांताबाहेरील मराठी माणसांस विशेष जवळचा आहे. आम्ही येथे गणेशोत्सव करतो तो पुण्या-मुंबईच्या नमुन्यावर, नाटके बसवितो ती तिकडची, आमची मुले मराठी बोलतात ती आमचे ऐकून. तिकडून आलेला पाहुणा कधी हसतो आणि आमच्या मराठीत तमिळ वळण आढळले म्हणून दुरुस्त करू पाहतो. तंजावरच्या मराठी घराण्यांनी तीन शतकांहून अधिक काळ अशीच एक मराठी जतन केली; तिचे वळण निराळे झाले, म्हणून ती खोटी झाली नाही. जे सामान येथे मिळाले नाही, त्याच्या जागी जे मिळाले ते त्यांनी कान देऊन बसविले. प्रत करण्यात कमीपणा नाही. नमुन्याचे ऋण मान्य करावे, त्याचे नाव आपल्या पाटीवर चोरू नये, आणि जे आपल्या हातून घडले त्याखाली न कचरता सही करावी. एवढे ज्याने केले, त्याच्या कामास नक्कल म्हणण्याचा अधिकार कोणास आहे, असे आम्हांस वाटत नाही.