शॉर्ट करून पाहावं का?

नवा डीबी बसवला की काही वायरमन फेज आणि न्यूट्रल क्षणभर टेकवून दाखवतात. एमसीबी पडला, म्हणजे काम चोख! अशाने एमसीबी खराब होतो का?

शॉर्ट तोडण्यासाठीच तो बनवलेला आहे. पण शॉर्ट किती मोठा, हे ट्रान्सफॉर्मर किती जवळ आहे यावर ठरतं. मोठ्या इमारतींत ट्रान्सफॉर्मर बहुधा आवारातच असतो. १००० केव्हीए आणि ५ टक्के इम्पिडन्सच्या ट्रान्सफॉर्मरच्या टोकांशी सुमारे २६,००० अँपिअर वाहू शकतात. तिथून निघालेली वीज २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने २० मीटर पुढे गेली, की नुसत्या वायरच्या रोधाने हा आकडा ८०० च्या आत येतो. दूरच्या सॉकेटवरचा असा एखादा शॉर्ट चांगला एमसीबी पचवतो. डीबीतच वायरी टेकवल्या तर मात्र प्रवाह कितीतरी मोठा असतो. एमसीबीचे संपर्क सुटताना पेटणारा आर्क त्यांच्यावरचा धातू जाळतो आणि आतल्या पत्र्यांवर काजळी बसवतो.

आयएस/आयईसी ६०८९८-१ या मानकातले आकडे बोलके आहेत. नेहमीच्या प्रवाहावर एमसीबीने ४००० वेळा चालू-बंद व्हायला हवं. अंगावर १०,००० छापलेल्या एमसीबीला तेवढ्या अँपिअरचा शॉर्ट फक्त दोनदा तोडायला लावतात, तोही मध्ये निदान तीन मिनिटं थांबून. त्यानंतर त्याने पूर्वीसारखा भार वाहावा, अशी अटही नाही. प्रयोगशाळेतले हे नमुने कुणाच्या घरात बसत नाहीत.

शिवाय घरच्या चाचणीतून कळतं ते एवढंच, की एमसीबी आत्ता पडला. पुढच्या वेळी पडेल का, हे नाही. आणि टेकवणाऱ्याचे हात-डोळे भाजण्याचा धोका आहेच. माझ्या मते ही पद्धत बंद व्हायला हवी. वायरमनकडून लूप इम्पिडन्स मीटरने मोजणी करून घ्यावी: २३० भागिले आलेले ओहम, म्हणजे शॉर्टचा अंदाज. 'सी' प्रकारच्या १६ अँपिअरच्या एमसीबीसाठी तो १६० च्या वर हवा आणि एमसीबीवर छापलेल्या आकड्याच्या आत. आरसीसीबीचं 'टी' बटण मात्र निर्धास्त दाबावं. ते शॉर्ट करत नाही, थोडीशी गळती घडवतं.

खरोखरच शॉर्ट होऊन एमसीबी पडला, तर दोष सापडेपर्यंत तो पुन्हा वर करू नये. डीबीजवळच मोठा शॉर्ट झाला असेल, तर एमसीबी बदलावा.