किशोरवयाची सवलत

किशोरवयाची सुरुवात शरीर ठरवते, शेवट मात्र समाज ठरवतो; आणि हा शेवट गेल्या सव्वाशे वर्षांत पुढेपुढे सरकत आला आहे. जुन्या शेतकरी घरात मुलगा औत धरू लागला की तो गडी, मुलीला न्हाण आले की ती सासरची. मधल्या वर्षांची वेगळी दखल कुणी घेत नव्हते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल यांनी 1904 मध्ये या वयावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. महाराष्ट्रात मात्र हे वय वेगळे आहे हा विचार मानसशास्त्रातून आला नाही, लग्नाच्या वादातून आला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जाण्यास नकार दिला आणि 1884 पासून कोर्टकज्जा चालला. शरीरसंबंधाला संमती देण्याचे वय दहावरून बारा करणाऱ्या 1891 च्या कायद्याला आगरकरांचा पाठिंबा होता, तर सरकारने यात पडू नये असे टिळकांचे म्हणणे होते. मुलीच्या लग्नाचे किमान वय 1929 मध्ये चौदा, 1949 मध्ये पंधरा आणि 1978 मध्ये अठरा झाले. यातला 1929 चा शारदा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. मराठवाड्यातली हिंगोली मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होती. तिथे मुलाला पुढे शिकायचे तर उर्दूतून शिकावे लागे. सप्टेंबर 1948 मध्ये निजामाची सत्ता गेली, शाळा वाढल्या, तसे या भागातले किशोरवयही लांबले.

या लांबलेल्या वर्षांचा फायदा उघड आहे. चौदापर्यंत शिक्षण हक्काचे, अठरापर्यंत धोक्याच्या कामाला मनाई, लैंगिक अत्याचाराविरुद्ध 2012 चा कायदा. चूक करून सुधारण्याची मुभा मोठ्यांना इतकी मिळत नाही. तोटा याच सवलतीच्या पोटात आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या शेतकऱ्याच्या मुलाला हळद शिजवण्यापासून ढोलात घोळण्यापर्यंत सारे येते, पण विक्रीची पट्टी बापाच्या नावे होते. अंगात बळ असून शब्दाला वजन नाही. पुढे त्याला नांदेडला किंवा लातूरला क्लास लावतात, तो बहुधा त्याला न विचारताच, आणि त्याची किंमत गुणांवर ठरू लागते.

तरीही हा तोटा ज्यांच्या वाट्याला येतो ते नशीबवान म्हणायचे. हिंगोली जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून आगाऊ उचल कोयत्यावर मिळते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. मुलाचे लवकर लग्न लावले की घरात एक कोयता वाढतो. मुलीच्या बाबतीत हिशेबात भीतीही मिसळते: वयात आलेल्या पोरीला मागे गावात किंवा तांड्यावर कुणाच्या भरवशावर ठेवायचे? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. या मुलींना ना निर्णयाचा अधिकार मिळतो, ना अल्लडपणाची मुभा. दोन्ही वयांचे तोटे तेवढे पदरात पडतात.

सरकारी सोयी आहेत, पण अपुऱ्या. मानव विकास योजनेत आठवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा मोफत प्रवास मिळतो, पण त्याचा उपयोग कुटुंब गावात असेल तरच. आई-बाप कारखान्यावर गेले की मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे असतात. ती प्रामुख्याने सहा ते चौदा वयोगटासाठी आहेत. त्यामुळे आई-बापाला जिची सर्वांत जास्त काळजी वाटते ती पंधरा-सोळा वर्षांची मुलगी बहुधा या वसतिगृहांबाहेर राहते.